‘चांदोबा’ची मालकी आणि मराठी वाचकाचे स्वामित्व : स्वीकृतिमीमांसेच्या अंगाने एक अभ्यास

१

मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासलेखनात नियतकालिकांचा विचार प्रायः संपादकाच्या अंगाने झालेला आहे. ‘आनंद’ म्हटले की वासुदेव गोविंद आपटे आणि त्यांच्यानंतर गोपीनाथ तळवलकर यांची नावे येतात. ‘किशोर’ म्हटले की पाठ्यपुस्तक मंडळाचा निर्देश होतो. संपादकाची दृष्टी, त्या दृष्टीने घडवलेले लेखक आणि त्या लेखकांचे साहित्य असा विवेचनाचा क्रम ठरून गेलेला आहे. ‘चांदोबा’ हे मासिक या क्रमात बसत नाही. ते १९५२ पासून मराठीत निघू लागले. पण त्याची छपाई मद्रासला होत असे, त्यातील बहुतेक कथा मुळात तेलुगूत लिहिल्या जात, आणि कथेखाली लेखकाचे नाव नसे, तसेच तिला मराठी रूप देणाऱ्याचेही नसे. ज्या मासिकाने मराठी मुलांच्या एकाहून अधिक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, त्याला वाङ्मयेतिहासात फारशी जागा मिळाली नाही, याचे मुख्य कारण हेच आहे. ज्याला संपादक दिसत नाही आणि लेखक सापडत नाही, त्याचा इतिहास कोणत्या नावाने लिहावा, हा प्रश्न इतिहासकारांना पडला असावा.

या मासिकाचे स्वामित्व विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बदलत गेले आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते बंद पडले. एरवी त्याच्या मालकाविषयी कधीही विचार न केलेल्या वाचकांना या बदलांच्या वेळी प्रथमच जाणवले की आपले म्हणून जे मानले, ते कायद्याने दुसऱ्या कोणाचे तरी आहे. वाचकाची निष्ठा नेमकी कशावर जडलेली असते, मालकी बदलली की त्या निष्ठेचे काय होते, आणि तिला काही वाङ्मयीन मोल आहे काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

‘चंदमामा’ या मासिकाचा पहिला अंक जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ या दोन भाषांत प्रसिद्ध झाला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे त्याचे संस्थापक. नागी रेड्डी हे मुद्रक व चित्रपटनिर्माते. चक्रपाणी हे तेलुगू लेखक आणि शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या बंगाली कादंबऱ्या तेलुगूत आणणारे अनुवादक. ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबझार’ (१९५७) हे गाजलेले चित्रपट याच दोघांच्या निर्मितिसंस्थेचे. राजवाडे, राक्षस, मायावी महाल यांचे जे दृश्यविश्व त्या चित्रपटांत दिसते, त्याचे नाते मासिकातील चित्रांशी उघड आहे. एकाच कारखान्यातून एका बाजूने चित्रपट आणि दुसऱ्या बाजूने सचित्र कथा बाहेर पडत होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९५२ पासून १९८० मध्ये निधन होईपर्यंत कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी मासिकाच्या संपादनाची जबाबदारी सांभाळली. तेलुगू साहित्यात त्यांची ओळख पुरोगामी विचारांचे कथाकार आणि क्रांतिकारी लेखक संघाच्या उभारणीत सहभागी झालेले लेखक अशी आहे. राजेरजवाड्यांच्या कथांनी भरलेल्या मासिकामागे असा लेखक होता, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही त्या कथांतील एक वैशिष्ट्य या माहितीमुळे उलगडते. तेथे राजा पुष्कळदा चुकतो; शहाणपण गरीब ब्राह्मणाच्या बायकोकडे, न्हाव्याकडे किंवा शेतमजुराकडे असते; चमत्कार घडतो, पण पेच सुटतो तो बुद्धीने. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या साहसपर धारावाहिक कथाही अशाच, लेखकाच्या नावावाचून, छापल्या जात.

नाव दिसे ते चित्रकाराचे. एम. टी. व्ही. आचार्य, ‘चित्रा’, ‘वपा’ (वड्डादि पापय्या) आणि ‘शंकर’ (के. सी. शिवशंकरन) यांच्या सह्या चित्रांच्या कोपऱ्यात असत. खांद्यावर प्रेत आणि हाती उपसलेली तलवार घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम हे शंकर यांचे चित्र वेताळकथेच्या आरंभी महिन्यामागून महिने तसेच येत राहिले. या पुनरावृत्तीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

मराठी आणि मल्याळम् आवृत्त्या १९५२ मध्ये निघाल्या. पुढे मासिक डझनभर भाषांत जाऊन पोचले. सर्व भाषांत कथा त्याच, चित्रे तीच आणि पानांची मांडणीही तीच. बदले ते फक्त अक्षर. म्हणजे मराठी ‘चांदोबा’ हा तंतोतंत अर्थाने अनुवाद होता, परंतु अनुवादक अदृश्य असल्यामुळे वाचकाला तो अनुवाद वाटत नसे.

३

हान्स रॉबर्ट याऊस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मराठी समीक्षेला आता परिचित आहे. कोणतीही संहिता वाचक कोऱ्या मनाने वाचत नाही. आधीच्या वाचनाने घडलेल्या अपेक्षांच्या पार्श्वभूमीवर तो ती वाचतो, असे तिचे सार. ‘चांदोबा’तील वेताळकथांच्या बाबतीत मराठी वाचकाचे हे क्षितिज कसे घडले, हे पाहणे उद्बोधक आहे.

वेताळपंचविशी मराठी गद्याला मुद्रणकलेच्या आरंभीच मिळाली. ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ यांचे कर्ते सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास ती मराठीत आणली. त्यापूर्वीही ही कथाचक्रे मौखिक परंपरेत होतीच. दुसरीकडे वेताळ हे महाराष्ट्र-कोकणात गावच्या वेशीवरचे दैवत आहे; शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात ‘वेताळबा’ अनेक गावांना ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातील जावळी खोऱ्यात, मेढ्यासारख्या गावी वाढणाऱ्या मुलाला वेताळ भेटे तो प्रथम मोठ्या माणसांच्या बोलण्यातून, मग मासिकाच्या पानांतून. भरीस भर म्हणून ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी आवृत्तीने अमेरिकेतील ‘फँटम’ या नायकालाही वेताळच म्हटले. एका शब्दाच्या पोटात ग्रामदैवत, संस्कृत कथेतील प्रश्नकर्ता आणि परदेशी मुखवटाधारी वीर हे तिघेही मावले.

याहून महत्त्वाची बाब कथेच्या भूगोलाची आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाचे प्रेत खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा आहे. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. म्हणजे मद्रासहून तेलुगूमार्गे मराठीत आलेली ही कथा संस्कृत परंपरेच्या एका पाठानुसार मुळात महाराष्ट्राच्याच भूमीवर घडते. ‘चांदोबा’ परका होता, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा प्रवास लक्षात घ्यावयास हवा. कथा ज्या वाटेने फिरतात, त्या वाटेवर मूळ मालकाचा शोध घेऊ लागले की तो शोध वर्तुळाकार होतो.

सोमदेवाच्या कथेत आणि मासिकातील कथेत एक मूलभूत भेद आहे. सोमदेवाच्या संहितेत चक्राला शेवट आहे. पिता-पुत्रांनी अनुक्रमे कन्या आणि माता यांच्याशी विवाह केल्यावर त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाचे उत्तर राजाला देता येत नाही. तो गप्प राहून चालत राहतो, आणि त्या मौनामुळेच वेताळ प्रसन्न होऊन क्षांतिशील या कपटी भिक्षूचा बेत उघड करतो. म्हणजे तेथे मुक्ती न-उत्तरात आहे. मासिकाला असा शेवट परवडणारा नव्हता. मूळच्या कथा संपल्यावर नव्या रचल्या गेल्या. पंचविशीची संख्या केव्हाच ओलांडली गेली. राजा दर महिन्याला उत्तर देई, मौनभंग होई आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लटके. भारतीय कथेची जुनी चौकट नियतकालिकाच्या आधुनिक कालक्रमाशी इतकी एकजीव झाल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. पुढच्या महिन्याची हमी कथेच्या रचनेतच होती. वाचकाची अपेक्षा ‘पुढे काय होईल’ ही नव्हती. ‘पुन्हा तसेच होईल’ ही होती. आरंभीचे न बदलणारे चित्र ही त्या हमीची मुद्राच होती.

४

कथेखाली लेखकाचे नाव नसे, हे वर सांगितले. परंतु त्याच अंकात एक जागा अशी होती, की जेथे नाव छापले जाई, आणि ते वाचकाचे असे. दरमहा दोन छायाचित्रे देऊन त्यांना परस्परांशी जुळणारी शीर्षके सुचवण्याची स्पर्धा मासिकात असे. निवडलेली शीर्षके पाठवणाऱ्याच्या नावागावासह प्रसिद्ध होत. लेखक अनाम आणि वाचक सनाम, अशी ही व्यवस्था मराठी नियतकालिकांच्या परंपरेत उलटी म्हणावी लागेल. एखाद्या आडगावच्या मुलाच्या दृष्टीने मद्रासला छापल्या जाणाऱ्या अंकात आपले नाव येणे ही केवढी घटना असेल, याची कल्पना करता येते. ही केवळ करमणुकीची युक्ती नव्हती. मासिकाशी वाचकाचे नाते भागधारकासारखे होण्यास तिचा हातभार लागला.

वाचनाच्या भौतिक परिस्थितीचाही विचार करावयास हवा. मोठ्या शहरात अंक विक्रेत्याकडे मिळे. तालुक्याच्या गावी तो टपालाने येई, जिल्ह्याच्या बसस्थानकावरून आणला जाई किंवा नोकरीनिमित्त मुंबईत असलेला घरचा माणूस सणावाराला येताना घेऊन येई. जावळी आणि पाटण या तालुक्यांतील अनेक घरांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत माथाडी कामगार होते, हे सर्वज्ञात आहे. असा आलेला अंक एकाच घरात राहत नसे. तो भावंडांत, आळीत, वर्गात फिरे. बहुधा मुखपृष्ठ गळून पडेपर्यंत फिरे. म्हणून छापलेल्या प्रतींच्या संख्येवरून वाचकांची संख्या ठरवणे येथे निरर्थक आहे. विकत घेणारा एक आणि वाचणारे अनेक, अशा या वाचनव्यवहारात ‘मालक’ हा शब्द आधीच सैल झालेला होता.

भाषेविषयीही एक निरीक्षण नोंदवले पाहिजे. ‘चांदोबा’ची मराठी ही कोणत्याच गावची मराठी नव्हती. वाक्ये आटोपशीर, क्रियापदे भूतकाळी, संवाद प्रमाणभाषेत. राजा, प्रधान, व्यापारी आणि शेतकरी एकाच वळणाने बोलत. चित्रांतील गोपुरे, केशरचना आणि वस्त्रे दाक्षिणात्य असत. बोलीचा स्वाद नसणे हा वाङ्मयीन दृष्टीने दोष मानता येईल. परंतु ज्या मुलाच्या घरी बोली आणि शाळेत पाठ्यपुस्तकाची भाषा होती, त्याच्यासाठी ही तिसरी भाषा परीक्षेच्या धाकाशिवाय प्रमाण मराठीत वावरण्याची जागा ठरली. तिला कोणाचेच घर नव्हते, म्हणून तिच्यात कोणीही राहू शकत होते. हे ज्यांनी घडवले ते मराठी अनुवादक अनाम राहिले, ही या कथेतील खरी हानी होय.

५

मालकीतील बदलांचा क्रम थोडक्यात असा. १९९८ मध्ये कामगारविषयक वादामुळे मासिकाचे प्रकाशन थांबले. सुमारे वर्षभराच्या खंडानंतर, डिसेंबर १९९९ मध्ये, ते पुन्हा सुरू झाले. यावेळी संस्थापकांच्या कुटुंबाबरोबर बाहेरचे भांडवलही आले. २००७ मध्ये मुंबईच्या ‘जिओडेसिक’ या सॉफ्टवेअर कंपनीने मासिकाची मालकी घेतली. २००८ मध्ये साठ वर्षांच्या वाटचालीनिमित्त विशेष ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मासिकाला संगणकीय रूप देण्याचे प्रयत्न सुरू झाले. अनेक भाषांतील जुन्या अंकांची पाने वाचकांसाठी खुली करण्यात आली. पुढील काही वर्षांत कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि २०१२-१३ च्या सुमारास मासिक निघेनासे झाले. कंपनीने खुला केलेला जुन्या अंकांचा संगणकीय संग्रहही काही काळाने नाहीसा झाला. २०१९ मध्ये मासिकाचे बौद्धिक संपदा हक्क विकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. कधी काळी दरमहा येणारा वेताळ आता न्यायालयीन कागदपत्रांत एक मालमत्ता म्हणून दाखल झाला.

या टप्प्यांवर वाचकांची जी प्रतिक्रिया दिसते, तिचे स्वरूप प्रत्येक वेळी निराळे आहे. १९९८-९९ मधील प्रतिक्रिया ही खंडाविषयीची आहे. तेथे मागणी सरळ आहे : मासिक पुन्हा निघावे. मालक कोण असावा, याविषयी वाचक उदासीन आहे. २००७ नंतरची प्रतिक्रिया रूपाविषयीची आहे. कागद, आकार, चित्रांची शैली, समकालीन विषयांचा समावेश यांविषयी आता मते व्यक्त होऊ लागतात. या वाचकांपैकी पुष्कळ जण चाळिशी-पन्नाशीचे आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. नव्या मालकाला आजचे मूल ग्राहक म्हणून हवे होते. जुन्या वाचकाला आपले बालपण जसेच्या तसे हवे होते. दोघांच्याही दृष्टीने ‘चांदोबा’ हेच नाव होते, पण त्या नावाचा अर्थ एक नव्हता. नव्या मालकाचा हेतू चुकीचा होता, असे म्हणता येत नाही. न बदलता टिकणे हे कोणत्याही नियतकालिकाला शक्य नसते. पण ज्या मासिकाचे सामर्थ्य पुनरावृत्तीत होते, त्याला नावीन्याने वाचवता येईल काय, हा पेच खरा होता.

तिसरी प्रतिक्रिया मासिक बंद पडल्यानंतरची, आणि तीच वाङ्मयीन दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. वाचक मागणी करणे सोडून संग्रह करू लागला. माळ्यावरचे, रद्दीतले, जुन्या पुस्तकांच्या बाजारातले अंक शोधून त्यांच्या पानांच्या प्रतिमा तयार करणे आणि त्या इतरांपर्यंत पोचवणे हे काम चाहत्यांनी स्वखुशीने केले. तेलुगू वाचक यात आघाडीवर राहिले. मूळ लेखन त्यांच्या भाषेतले, त्यामुळे त्यांना शोधण्यासारखी नावेही सापडली. कुटुंबराव आणि दासरी सुब्रह्मण्यम यांचे श्रेय त्यांनी परत मिळवून दिले. मराठीत अशी शोधयात्रा निघाली नाही, कारण मराठी अनुवादकाचे नाव कोणाच्या स्मरणात नव्हते.

सप्टेंबर २०२० मध्ये चित्रकार शंकर यांचे वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा विक्रम-वेताळाचे ते एक चित्र वृत्तपत्रांतून सर्वत्र छापून आले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. वाचकांच्या शोकाला अखेर एक नाव मिळाले, आणि ते नाव चित्राच्या कोपऱ्यातील सहीमुळेच मिळाले. ज्याने सही केली, तो स्मरणात राहिला.

६

मराठी अभ्यासकाला या संदर्भात नाटक मंडळ्यांचा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. मालकी बदलल्याने रसिकांच्या निष्ठेची कसोटी लागण्याचा अनुभव मराठी समाजाने त्या काळी वारंवार घेतला आहे, आणि सांगली-मिरजेचा परिसर त्याचा साक्षीदार आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले, तरी त्यांच्या नावाची मंडळी चालत राहिली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी ती सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले व त्यांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. अण्णासाहेबांचे मूळ नाव बळवंत, त्यावरून मंडळीचे नाव ठेवले गेले. १९२१ मध्ये केशवराव भोसले यांच्या निधनानंतर ‘ललितकलादर्श’ची धुरा बापूराव पेंढारकरांकडे आली.

या सर्व प्रसंगी रसिकांसमोर एक स्पष्ट वाट होती. ते नटाच्या, म्हणजे आवाजाच्या, मागे जाऊ शकत होते. मंडळीचे पडदे, कपडेपट आणि नाव एका बाजूला राहिले, तरी ‘गंधर्व’ जेथे गातील तेथे प्रेक्षक जाई. फुटून निघणाऱ्यांनीही मूळ पुरुषाचे नाव आपल्या मंडळीला देऊन वारशावर हक्क सांगितला. मालक, कलावंत आणि परंपरा या तिन्ही गोष्टी रसिकाला वेगवेगळ्या दिसत होत्या. म्हणून तो निवड करू शकत होता.

‘चांदोबा’च्या वाचकाला ही निवड उपलब्ध नव्हती. मागे जावे असा आवाज नव्हता. लेखक अनाम, अनुवादक अनाम, मालक अदृश्य. त्याची निष्ठा व्यक्तीवर नव्हती, रूपावर होती : विशिष्ट आकाराच्या पानावर, विशिष्ट रंगाच्या चित्रावर, राजा झाडाकडे परत निघतो त्या आरंभावर. रूप कोणाच्याही मागे चालत जात नाही. ते ज्याच्या ताब्यात असेल, त्याच्याकडेच राहते, आणि ताबा सुटला की विखुरते. नाटकाच्या प्रेक्षकाची निष्ठा नवी मंडळी उभी करू शकली. मासिकाच्या वाचकाची निष्ठा फक्त जुने अंक जपू शकली.

याच काळात जगात अन्यत्र घडलेली एक घटना या विवेचनाला पूरक आहे. जपानी सचित्रपटांचे, म्हणजे ‘ॲनिमे’चे, अमेरिकेत वितरण करणाऱ्या दोन प्रमुख संस्था, ‘फनिमेशन’ आणि ‘क्रंचीरोल’, या सोनी उद्योगसमूहाच्या छत्राखाली आल्या. पहिलीचे स्वामित्व २०१७ मध्ये आणि दुसरीचे २०२१ मध्ये, सुमारे ११७ कोटी ५० लक्ष डॉलरना, या समूहाकडे गेले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये ‘फनिमेशन’ची सेवा बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या चाहत्यांनी तबकड्यांबरोबर मिळवलेल्या संगणकीय प्रती नव्या ठिकाणी नेता आल्या नाहीत. कायमच्या म्हणून जपलेल्या प्रती एका निर्णयाने हाताबाहेर गेल्या, आणि चाहत्यांत मोठी नाराजी पसरली. तेथेही परक्या भाषेतील सचित्र कथा स्वभाषेत आणून देणारा मध्यस्थ बदलला होता. त्या चाहत्यांच्या तुलनेत ‘चांदोबा’चा वाचक एका अर्थी भाग्यवान ठरतो. त्याच्या हाती कागद होता. मालकाने संगणकीय संग्रह चालवणे सोडले तरी माळ्यावरचा अंक माळ्यावरच राहिला.

७

परंतु कागदालाही वाळवी लागते. मराठी ‘चांदोबा’च्या अभ्यासाची खरी निकड येथे आहे. बालमासिके ही ग्रंथालयांच्या दृष्टीने टिकवण्याची वस्तू नसते. ती वाचून झाली की निर्लेखनात आणि रद्दीत जातात. संशोधकाला प्रथम वळावे लागेल ते कायद्याने प्रत जेथे पोचणे अपेक्षित होते त्या ग्रंथालयांकडे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये, आणि नियतकालिकांना तो लागू करणाऱ्या १९५६ च्या दुरुस्तीन्वये, प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, मद्रासच्या कन्नेमारा ग्रंथालयास आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयास प्रत पाठवणे बंधनकारक होते. त्यानंतर जिल्हा आणि तालुका पातळीवरील सार्वजनिक ग्रंथालये, जुन्या शाळांची कपाटे आणि खाजगी घरे यांचा शोध घ्यावा लागेल.

हक्काचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही, आणि वाटतो तितका सोपाही नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, १९९२ च्या दुरुस्तीनंतर, अनाम प्रसिद्ध झालेल्या कृतीचे संरक्षण प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे असते. म्हणजे १९५२ मधील निव्वळ अनाम मजकुराची मुदत २०१२ अखेर संपली, आणि त्यानंतर दरवर्षी एकेका वर्षाचा असा मजकूर मोकळा होत आहे. मुदत संपण्याआधी लेखकाची ओळख कायद्याला मान्य अशा रीतीने उघड झाली असेल तर मात्र हिशेब त्याच्या मृत्यूपासून होतो. सही केलेल्या चित्रांनाही तोच नियम लागू आहे. शंकर यांच्या चित्रांचे संरक्षण २०८० अखेरपर्यंत राहील. मराठी कथा अनुवादित असल्याने मूळ तेलुगू कथेच्या हक्काचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागेल. तरीसुद्धा २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली आहे : ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक ग्रंथालयाकडे कृतीची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती संगणकीय रूपात साठवण्यास कायद्याची हरकत नाही. ‘किशोर’चे जुने अंक पाठ्यपुस्तक मंडळाने सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. सार्वजनिक मालकीत जे सहज झाले, ते खाजगी मालकी बदलत गेलेल्या मासिकाच्या बाबतीत ग्रंथालयांना आणि विद्यापीठांना प्रयत्नपूर्वक करावे लागेल.

या संग्रहाचा उपयोग केवळ स्मरणरंजनासाठी नाही. मराठी आणि तेलुगू अंक समोरासमोर ठेवले तर अनुवादकाने काय राखले, काय गाळले, तेलुगू म्हणींच्या जागी कोणत्या मराठी म्हणी योजल्या, नातेसंबंधांचे आणि आदराचे शब्द कसे बदलले, हे पाहता येईल. भाषाशैलीच्या आधारे अनुवादकांचे वेगवेगळे हात ओळखता येतील. छायाचित्र-शीर्षक स्पर्धेत छापलेल्या गावांच्या नावांवरून मासिक महाराष्ट्रात कोठवर पोचले होते, याचा नकाशा तयार होऊ शकेल. एम. फिल.च्या प्रबंधिकांनी एके काळी ज्या प्रकारच्या विषयांची मांडणी केली, त्या प्रकारचे किमान तीन-चार विषय येथे अस्पर्श पडून आहेत, आणि आजच्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना ते घेता येतील.

वाचकाची निष्ठा मालकीच्या व्यवहारात मोजली जात नाही. विक्रीच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नसतो. पण ‘चांदोबा’च्या बाबतीत मालकापाशी जे टिकले नाही, ते वाचकांनी टिकवले. सोमदेवाच्या कथेत राजाला उत्तर येत नाही, म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याचे भले होते. मराठी वाङ्मयेतिहास या मासिकाविषयी गप्प राहिला आहे. त्याला उत्तर माहीत नाही, म्हणून नव्हे. त्याने प्रश्नच विचारलेला नाही. असे मौन कोणालाही मुक्त करीत नाही. ज्या अनाम हातांनी पैठणच्या राजाची कथा मद्रासहून मेढ्याच्या मुलापर्यंत मराठीत पोचवली, त्यांची नावे जोपर्यंत शोधली जात नाहीत, तोपर्यंत ते ओझे अभ्यासकांच्या खांद्यावर राहणार आहे.